आईच्या आवाजावर मी लिनक्स टाकलं

मागच्या वर्षी एका रविवारी, पोहे आणि जेवण यांच्या मधल्या वेळात, मी माझ्या आईचा आवाज कायमचा पुसून टाकला.

कोणाला वाटेल, बाई काहीतरी खोल, अलंकारिक बोलतायत. नाही हो! मी शाळेत गणित शिकवते. पुसला म्हणजे पुसला.

झालं असं, की आईला घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली. मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाची रांग सरळ करायची, तीही माइकशिवाय. तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मग मी ह्यांना हाका कशा मारायच्या?" 'हे' म्हणजे माझे बाबा. ते शेजारीच बसले होते. एरवी तिच्या प्रत्येक वाक्यावर त्यांचं काहीतरी असतं. त्या दिवशी ते नुसतेच पंख्याकडे बघत राहिले.

ऑपरेशनआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा, असं दवाखान्यातल्या एका बाईंनी सुचवलं. बाबांनी माइक आणला, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला जोडला. आम्हाला वाटलं, आई स्तोत्रं म्हणेल, नातीला आशीर्वाद देईल. आई म्हणाली, "देवाला माझा आवाज पाठ आहे. ह्यांच्यासाठी करते." आणि तिने रेकॉर्ड केलं, "अहो, किल्ली घेतली का?" मग "गॅस बंद केला का?" मग "टीव्हीचा आवाज कमी करा, शेजारी सुद्धा माणसंच राहतात!" अशा कितीतरी फायली. एकीत बाबांच्या हातून माइक पडतो आणि आई खो खो हसते. ती फाइल आईने काढून टाकायला सांगितली होती. बाबांनी काढली नाही.

ऑपरेशन झालं. आई पाटीवर लिहू लागली, पण घाईच्या वेळी लॅपटॉपच. बाबा चपला घालायला लागले की आई बटण दाबायची आणि तिचा खणखणीत आवाज यायचा, "अहो, किल्ली घेतली का?" बाबा म्हणायचे, "घेतली गं!" आणि दारातून परत येऊन किल्ली घ्यायचे. दुपारी ती झोपली की ते हसण्याची फाइल बारीक आवाजात लावून बसत.

अडचण एकच. लॅपटॉप म्हातारा झाला होता. बटण दाबलं की गोल गोल फिरत बसायचा. "आवाज कमी करा" हे मालिका संपल्यावर यायचं आणि "गॅस बंद केला का?" हे दूध उतू गेल्यावर! ज्याला ओरडायचं तो माणूस घरातून निघून गेल्यावर ओरडणं ऐकू येतंय, हे आईच्या स्वभावाला अजिबात मानवणारं नव्हतं.

इथे माझा प्रवेश. (आम्ही पुण्यात कर्वेनगरलाच, आई-बाबांच्या शेजारच्या इमारतीत राहतो. लांब राहत असतो तर बरं झालं असतं.)

"दुकानात देऊ या," माझा नवरा मिलिंद म्हणाला.

"कशाला? मी विंडोज काढून लिनक्स टाकते. जुन्या लॅपटॉपला तेच बरं असतं. पळायला लागतो."

"पण डिस्क कुठे आहे? आणि असली तरी ह्याचा डिस्कचा ट्रे बाबांनी चिकटपट्टीने बंद केलाय."

"डिस्क लागतच नाही. पेन ड्राइव्हवरून टाकतात. मी व्हिडिओ पाहिलाय."

"पूर्ण?"

"बराचसा."

रविवारी सकाळी मी बैठक मांडली. "आधी बॅकअप!" मी जाहीर केलं, वर्गात 'आधी सूत्र लिहा' म्हणते त्याच सुरात. घरात एकच पेन ड्राइव्ह होता. लॅपटॉपवरच्या सगळ्या फायली त्यावर उतरवल्या. एक लावून तपासलीसुद्धा. "बघा, सगळं सुरक्षित!" म्हणत तो पेन ड्राइव्ह मी प्रसादासारखा सगळ्यांसमोरून फिरवला. आईने पाटीवर लिहिलं, "शाब्बास." (हे मी विसरू शकत नाही.)

दुसरी पायरी, लिनक्स टाकण्यासाठी पेन ड्राइव्ह तयार करणं. त्यासाठी एक पेन ड्राइव्ह लागतो. घरात एक होताच.

इथे हुशार वाचक ओरडले असतील. तेव्हा ओरडायला कोणी नव्हतं. मिलिंद भाजी आणायला गेला होता, बाबा पेपर वाचत होते आणि जिने ओरडून मला वाचवलं असतं, तिला ओरडता येत नव्हतं.

स्क्रीनवर प्रश्न आला. ड्राइव्हवरची सगळी माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का? मला वाटलं, हे लॅपटॉपबद्दल विचारतायत. तिथलं जाणारच होतं, म्हणून तर बॅकअप घेतला! मी म्हटलं, हो. मग लिनक्स टाकताना लॅपटॉपची हार्ड डिस्क पुसायची का, हेही विचारलं. "किती वेळा तेच तेच विचारतात!" असं म्हणून मी त्यालाही हो म्हटलं.

लॅपटॉप काय पळायला लागला म्हणून सांगू! टिचकी मारली की खिडकी उघडतेय! बाबांनी पेपर ठेवला. आई खुर्ची ओढून जवळ आली.

"लाव आता किल्ली," बाबा म्हणाले.

मी पेन ड्राइव्ह उघडला. फायली पुष्कळ होत्या, पण सगळी नावं इंग्रजी. 'किल्ली' नाही. 'गॅस' नाही. मी बंद करून परत उघडला. आईची एकही फाइल नाही; गणितात याला रिक्त संच म्हणतात.

"सापडत नाहीये का?" बाबा.

"आहे... म्हणजे असेल..."

"असेल?"

बाबा स्क्रीनकडे बघत होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. गणवेश विसरून आलेली मुलगी लांबून ओळखायची सवय तिला. तिला सगळ्यात आधी कळलं. ती उठली आणि आत गेली.

ज्या बाईला आवाजच नाही तिने अबोला धरलाय, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. संध्याकाळी दिसलं, की पाटी कपाटावर, सगळ्यात वर, उलटी ठेवली आहे. बाबा मात्र माझ्याशी बोलत होते. "आपण जेवून जाणार आहात का?" असं विचारत होते. पुण्यात बापाने पोटच्या मुलीला 'आपण' म्हटलं, की त्यापुढे कानाखाली वाजवलेली परवडते.

शनिवार पेठेत पुसलेली माहिती परत काढून देणारं एक दुकान आहे, असं कळलं. मी आणि बाबा गेलो.

"बॅकअप घेतला होता?" दुकानदार.

"हो!" मी अभिमानाने.

"कुठे?"

"या पेन ड्राइव्हवर."

"आणि लिनक्स कशावरून टाकलंत?"

"या... पेन ड्राइव्हवरून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण काय करता?"

"गणित शिकवते."

"शिकवा," ते म्हणाले आणि पावती करायला लागले.

त्यांनी प्रयत्न मनापासून केले. काही दिवसांनी फोन आला, एक तुकडा मिळालाय, या. आम्ही धावत गेलो. त्यांनी स्पीकर लावला. खरखर झाली आणि आवाज आला, "हॅलो, हॅलो. सुरू झालंय गं. बोल आता." तो बाबांचा आवाज होता. पुढे आई बोलणार, तिथून नुसती खरखर.

बाबांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. परतही तेवढंच. रिक्षात ते म्हणाले, "माझा कशाला वाचला गं?" त्यांनी तेव्हा मला 'आपण' म्हटलं नाही, हेसुद्धा माझ्या लक्षात उशिरा आलं.

मग सगळे फोन धुंडाळले. आई कधी आवाजी संदेश पाठवायचीच नाही, थेट फोन करायची. शेवटी मिलिंदला त्याच्या चुलतभावाच्या लग्नाचा एक व्हिडिओ सापडला. अक्षता पडतायत, सनई वाजतेय आणि मागून कुठूनतरी आई, "अहो, पंखा लावा कोणीतरी!"

तेवढंच. बाबांनी फोन कानाशी धरला. पंखा लावा. परत मागे. पंखा लावा. परत मागे. थंडीचे दिवस, बाबांच्या अंगात स्वेटर, आणि खोलीत आपलं पंखा लावा, पंखा लावा!

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. किती वेळ, देव जाणे. मग ती आत गेली आणि कपाटाच्या तळातून एक खोका घेऊन आली. गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र होतं ते, टॉर्चएवढं. दवाखान्यातून घ्यायला लावलं होतं. आईने तिथे एकदाच वापरून पाहिलं होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, "पिठाची गिरणी." त्यानंतर खोका उघडलाच नव्हता.

तिने यंत्र बाहेर काढलं. ते गळ्याला नीट टेकत नव्हतं, बटण चुकत होतं. बाबांनी फोन खाली ठेवला. मला राहवलं नाही. "थांब आई, मी करून देते, त्याची एक पद्धत असते," म्हणत मी हात पुढे केला.

आईने यंत्र झटकन मागे घेतलं, गळ्याला दाबलं, आणि त्यातून एकसुरी, घरघरता, आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीचा नसलेला आवाज आला, "तू. याला. हात. लावायचा. नाही."

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नीट ऐकू आलं ना?" त्यांनी मला विचारलं. "की परत म्हणायला सांगू?"

"आलं," मी म्हटलं. आणि दहावीच्या अख्ख्या वर्गाला नजरेच्या धाकात ठेवणारी मी, दोन्ही हात पाठीमागे बांधून, गुपचूप भिंतीला टेकून उभी राहिले.