तेरा नंबरवरचं लग्न

सौंसरहून जामसांवलीकडे निघालं की लागणाऱ्या त्या लॉजमध्ये कोणी काय पाहायचं, हे रवींद्र ठरवायचा. बढाई त्याचीच, पण खोटी नव्हती. जिन्याखालच्या कोठडीत त्याने सेटटॉप बॉक्सची उतरंड रचून ठेवली होती. एका डब्याला एकच चॅनल. हा भजनाचा, तो बातम्यांचा, त्याखालचा क्रिकेटचा. साऱ्यांच्या तारा एका यंत्रात शिरायच्या, तिथून एकच जाड केबल निघायची आणि तिला फाटे फुटत फुटत ती खोल्याखोल्यांत पोचायची. पाहुणा पलंगावर लोळत रिमोट दाबायचा आणि समजायचा, आपण राजे. खरा राजा जिन्याखाली बसलेला. त्याने बातम्यांच्या डब्यावर कुस्ती लावली की साऱ्या लॉजात बातम्यांच्या जागी कुस्ती.

"घरी सुचिता ठरवते, इथं मी," असं तो म्हणे.

सुचिता म्हणजे त्याची बायको. ती म्हणे, "ह्यायचं तोंडही त्या डब्यासारखंच आहे. एका जागी बोलले का घरोघरी दिसते."

तिचं काही चूक नव्हतं. रवींद्रच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या पोराने नागपुरात काय दिवे लावले, हे ज्याचं त्याला कळायच्या आधी रवींद्रला ठाऊक, आणि रवींद्रला ठाऊक म्हणजे चहाच्या टपरीला ठाऊक. लोक नावं ठेवत आणि रोज ऐकायला येत. आपणही गेलोच असतो, उगाच सोवळं कशाला व्हा.

मागच्या उन्हाळ्यात मोतीराम गुरुजींच्या नातीचं, सोनालीचं लग्न याच लॉजवर ठरलं. मुलगा बोरगावचा. गुरुजींनी रवींद्रला शाळेत शिकवलेलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केलेला. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि गुरुजींचे गुडघे गेलेले. तेव्हा रवींद्रच पुढे सरसावला.

"गुरुजीले कायले चढवता? मी लग्नच खाली पाठवतो न!"

युक्ती झकास होती. हॉलमधल्या कॅमेऱ्याची तार जिन्याखालच्या यंत्राला जोडायची आणि रिकामा पडलेला तेरा नंबरचा चॅनल लग्नाला द्यायचा. साऱ्या खोल्यांत मंगल परिणय थेट दिसणार. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचीही सोय. सोनालीने तर त्याला वाकून जय भीम घातला.

पण गुडघे हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं सोनालीच्या आईने, पुष्पाताईंनी, त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"रवीभाऊ, बाबाच्या गादीवर रबराची चादर टाकजा. आताशा त्यायले समजत नाही, धोतर ओलं होते. खुर्चीत बसवून पोरं आणतील वर, पण बोरगाववाल्यायच्या समोर तसं झालं तं... बाबाले अन् सोनालीले आम्ही गुडघ्याचंच सांगितलं आहे. कोणाले बोलू नका."

"वहिनी, इथंच गाडलं," म्हणत रवींद्रने छातीवर हात ठेवला.

लग्नाच्या सकाळी त्याने कॅमेऱ्याला एक छोटा माईक रबरबँडने बांधला. आवाज जोडणाऱ्या सागरला वर ज्ञानही दिलं, "हॉलचा माईक वेगळा, कॅमेऱ्याचा कान वेगळा. तू तुहं पाय, हे माह्याकडं." मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून ओरडला, "गुरुजी, आवाज येऊन राहिला का?"

गुरुजींचा फोन आला, तो रवींद्रने स्पीकरवर टाकला. "येते. चेहराही दिसते. कान शाळेत होते तेवढेच आहेत तुहे."

हॉलभर हसू. रवींद्र सगळ्यांहून मोठ्याने हसला.

बौद्धाचार्य यायला उशीर होता. हॉलचा माईक बंद होता. रवींद्र कॅमेऱ्याजवळ टेकून उभा, सागर खुर्चीवर. सागर सहज म्हणाला, "नवरीचा आजा खुर्चीत बसवून आणता आला असता न, भाऊ?"

रवींद्रने हॉलच्या माईककडे पाहिलं. दिवा विझलेला. आणि बातमी तर ओठावर येऊन फुगलेली.

"अबे, गुडघ्याचा बहाणा आहे तो. म्हातारं धोतरात करते! सुनेनं रबराची चादर मागितली माह्याकडून. बोरगाववाले नाक मुरडतील म्हणून टीव्हीसंग कोंडलं त्याले. आमी शाळेत 'बाहेर जाऊ का' म्हटलं तं छडी मारे न हा? आता घे म्हणा!"

सागर पोट धरून हसला. तेवढ्यात रवींद्रचा फोन वाजला.

"रवींद्र," गुरुजी म्हणाले, "आवाज येऊन राहिला, बाबू. सारा आला."

फोन ठेवला गेला. रबरबँडने बांधलेला तो माईक रवींद्रकडे पाहत होता. खालच्या मजल्यावरून बायकांचं दबलेलं हसू जिन्याने वर आलं. तेरा नंबर साऱ्या खोल्यांत लागलेला होता, आणि तो लावायला त्यानेच दारोदार जाऊन सांगितलं होतं.

तो खाली धावला. दारं उघडी होती. बोरगावची एक मावशी पदर तोंडाशी धरून आत वळली. गुरुजींच्या दाराशी पुष्पाताई उभ्या होत्या. त्या फक्त त्याला वाट द्यायला सरकल्या. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पलंगाच्या काठावर बसले होते. टीव्हीवर हॉलचा तो रिकामा कोपरा दिसत होता.

"गुरुजी..."

"छडी मारत होतो, खरं आहे," गुरुजी म्हणाले. "तू बोरं खायले जाये रे बाहेर. कोणाले खरी लागली, मले कसं समजावं?"

मागून सोनाली आली, पांढऱ्या साडीत, डोळे लाल. "आबा, चला वर. पोरं खुर्ची घेऊन आली आहेत. कोण काय म्हणते ते मी पाहीन."

"आता नाही, माय. आता आलो तं लोक तुह्याकडं नाही पाहणार, माह्या धोतराकडं पाहतील. सकाळी बोलावलं असतं तं आलो असतो." पुष्पाताईंनी तोंड फिरवलं. "तू जाय. मी इथून पाहतो." मग रवींद्रला म्हणाले, "तूही जाय. कॅमेरा नीट धर. लग्न दिसलं पाहिजे मले."

पळून जायची वाटही म्हाताऱ्याने ठेवली नाही. सारा वेळ रवींद्र हॉलमध्ये कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि वऱ्हाडातला जो तो एकदा त्याला न्याहाळून घेत राहिला. त्रिशरण सुरू झालं तेव्हा खाली एक म्हातारा आवाज त्यात मिसळत असणार, हे त्याला ठाऊक होतं. पण तार एकाच दिशेने जाते. खालचं वर काही ऐकू आलं नाही.

नवरानवरी नंतर खाली गेली. नवरदेव गुरुजींच्या शेजारी, त्याच गादीवर बसला म्हणतात. रवींद्र तेव्हा जिन्याखाली होता, उगाच तारा काढत-लावत.

आता सौंसरात त्याला गाठून कोणीही विचारतं, "काहो रवीभाऊ, आवाज येऊन राहिला का?" तो मान खाली घालून पुढे जातो. लोकांना वाटतं, त्या माईकची लाज आहे.

तीही आहेच. पण वऱ्हाड गेल्यावर गुरुजींची खोली आवरायला तो स्वतः गेला होता. दुसऱ्या कोणाला जाऊ दिलं नाही. चादर काढायला हात घातला, तर ती पार कोरडी. बाजूला पाण्याचा जग, सकाळी त्यानेच भरून ठेवलेला. भर उन्हाळ्याचा दिवस, आणि जग काठोकाठ तसाच. पेला पालथाच.

हे त्याने टपरीवर सांगितलेलं नाही. सुचितालासुद्धा नाही.