शुभेच्छुकांचे फोटो

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. त्यामुळे न्हावऱ्याच्या अलीकडच्या आमच्या छोट्या गावात जे काही लिहायचं असेल ते माझ्याकडे येतं. तहसीलचे अर्ज, लग्नपत्रिका, दशक्रियेची निवेदनं आणि अलीकडे फ्लेक्स. मी शिरूरला शाळेत इतिहास शिकवतो. जाताना फ्लेक्सच्या दुकानात मजकूर द्यायचा आणि संध्याकाळी गुंडाळी मोटारसायकलला आडवी बांधून आणायची, हे कामही माझंच. अशा एका फ्लेक्सवर मी एक शब्द भित्रेपणानं लिहिला. त्याबद्दल आता सरळ लिहायला हवं.

तो फ्लेक्स माझ्या बालमित्राचा होता. आठवीनंतर तो दौंडला मामाकडे शिकायला गेला. मामा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते आणि क्वार्टरच्या मागेच मैदान होतं. आमच्याकडे कबड्डी आणि क्रिकेट. फुटबॉल आम्ही फक्त टीव्हीवर पाहिलेला. दौंडला मात्र रेल्वेमुळे तो खेळ घरोघरी होता. माझा मित्र तिथं बचाव फळीत खेळायला लागला, पुढे मुंबईला गेला आणि मग गोव्यातल्या एका क्लबनं त्याला करारावर घेतलं. गावात कुणी विचारलं की त्याची आई सांगायची, "बॉलच्या नोकरीत हाय."

तो मुंबईला जाण्याआधी, माझ्या बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेसाठी, मी दोन महिने दौंडच्या त्या क्वार्टरमध्ये राहिलो. आमच्या घरी पुस्तक उघडून बसायला जागा नव्हती. मामींनी मला घरच्या मुलासारखं वाढलं, ते मी विसरलेलो नाही. मित्र पहाटे मैदानाला फेऱ्या मारायचा आणि मी कडेला वही घेऊन बसायचो. दर फेरीला तो समोरून जाताना एक प्रश्न फेकायचा, "साल्हेरची लढाई कुणी जिंकली?" आणि पुढच्या फेरीला मी उत्तर द्यायचं. चुकलं तर तो धावता धावताच शिव्या घालायचा. मी पास झालो त्यात त्या फेऱ्यांचा मोठा वाटा आहे.

एका सकाळी मी उत्तर दिलं आणि तो पुढे न जाता थांबला. गुडघ्यांवर हात टेकून, खाली बघत म्हणाला, "मला पोरी न्हाई आवडत रं. कवाच न्हाई आवडल्या. मला पोरंच आवडत्यात."

मी म्हणालो, "कुणाला सांगू नको."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला, मग परत धावायला लागला. पुढची फेरी त्यानं प्रश्न न विचारता काढली.

बरीच वर्षं तो पगारी खेळाडू म्हणून खेळला आणि माझा सल्ला पाळत राहिला. मग गुडघा गेला, खेळणं थांबलं, आणि त्यानंतर त्यानं एका इंग्रजी पेपरला मुलाखत देऊन स्वतःबद्दल सगळं सांगितलं. इंग्रजी पेपर आमच्या गावात येत नाही. तेव्हापासून तो क्लबांमध्ये आणि शाळा-कॉलेजांमध्ये जातो. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर मुलामुलींना खेळ सोडावा लागू नये म्हणून प्रशिक्षकांशी बोलतो. मला एकदा फोनवर म्हणाला होता, "कोच लोकांचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हंजी, बायल्यासारखा खेळू नको. मी दहा वर्षं ते ऐकत पळालोय. ते एक वाक्य बंद झालं तरी लई पोरं वाचतील."

या कामासाठी त्याला पुण्यात पुरस्कार मिळाला. मराठी पेपरात एवढंच आलं की माजी फुटबॉलपटूचा सन्मान. आमच्या तरुण मंडळानं लगेच सत्कार ठरवला आणि फ्लेक्सचा मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. दुकानातला पोऱ्या कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाला, "दादा, कार्य कंचं टाकू?"

मला पुरस्कार कशाचा आहे ते पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "सामाजिक टाक."

फ्लेक्स चौकात लागला. वर खंडोबा, मध्ये फेट्यातला माझा मित्र, "उल्लेखनीय सामाजिक कार्याबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि खाली गोलांमध्ये सोळा शुभेच्छुकांचे फोटो. दुसऱ्या ओळीत शेवटी मी.

सत्काराच्या दिवशी मित्र गाडीतून उतरला, फ्लेक्स वाचला आणि मला म्हणाला, "तूच लिहिलंस ना?"

"हो."

"दौंडला दिलं होतंस तेच उत्तर दिलंस की रं."

तो फक्त सत्काराला आला नव्हता. वडील गेल्यापासून त्याची आई एकटी होती, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्याला आता गावातच राहायचं होतं आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलामुलींना फुटबॉल शिकवायचा होता. मुख्याध्यापक तयार होते. पोरं पाठवायची की नाही हे गावानं ठरवायचं होतं.

फेटा, शाल, नारळ झालं. माइक हातात आल्यावर तो म्हणाला, "फ्लेक्सवर सामाजिक कार्य लिहिलंय. कंचं ते सांगतो. मी समलिंगी हाय. म्हंजी पुरुष असून मला पुरुषाबद्दल प्रेम वाटतं. माझ्यासारख्या पोरांना खेळातनं हाकलू नका, हे मी लोकांना सांगत फिरतो. पुरस्कार त्याचा हाय. आता मी हितं राहायला आलोय, आईजवळ. तुमची पोरं शिकवणार हाय. माहीत नसताना कुणी पोर पाठवू नये, म्हणून सांगितलं."

टाळ्या वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले. निवेदकानं दोनदा माइक तपासला आणि म्हणाला, "तर... सर्वांनी चहा घेऊनच जावं."

त्या संध्याकाळपासून माझा फोन वाजायला लागला.

"सर, माझा फोटो उडवा त्यातनं."

"अहो, छापलेल्यातून कसा उडवू?"

"मंग मी उडवतो."

अख्खा फ्लेक्स उतरवणं सोपं होतं, पण वर खंडोबा होता आणि त्याला खाली ओढायला कुणी धजेना. म्हणून प्रत्येकानं येऊन ब्लेडनं फक्त आपापला गोल कापून नेला. पहिल्या दिवशी चार भोकं. तिसऱ्या दिवशी चौदा. उरलो दोघं, दूध डेअरीचे चेअरमन आप्पा आणि मी. टपरीवरून एकानं हाक मारली, "सर, तुमचा फोटू अजून हाय की वर! तुम्हीबी त्याच टीममधलं का काय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसणं मला घरी गेल्यावरही काही सुचू देईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खिशात ब्लेड घालून चौकात गेलो. मी स्वतःला समजावत होतो की शाळेत नोकरी आहे, मुलगी आहे, नंतर मित्राला समजावता येईल. ब्लेड हातात घेऊन फ्लेक्सपाशी पोचलो तर मागून दुधाची किटली वाजली. चौकातच राहणारी मित्राची आई डेअरीला निघाली होती. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणतो.

ती डोळे बारीक करून वर बघत म्हणाली, "बरं झालं आलास बाबा. डावीकडला दोर सुटलाय बघ. रातभर फडफडतंय. झोप न्हाई मला."

दोर खरंच सुटला होता. मी खांबाच्या कट्ट्यावर चढलो, लोंबणारा तुकडा ब्लेडनं कापला आणि कोपरा घट्ट बांधला. ती खाली किटली धरून उभी होती.

"बसला का?"

"बसला, मावशी."

"बरं. चहा प्यायला ये," म्हणून ती गेली. तिनं ब्लेड पाहिलं होतं का, पाहून तसं बोलली का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या डोळ्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं, एवढं सांगून मी स्वतःची समजूत घालतो.

त्याच संध्याकाळी पोरांचे आई-बाप डेअरीत जमले. मित्रही आला होता. आधी सगळे आप्पांवरच घसरले. "आप्पा, तुमचा फोटू काढा की. चेअरमन हाय तुम्ही."

आप्पा म्हणाले, "न्हाई काढायचा. माझा आधार कार्डावर चोरावानी फोटू हाय. आयुष्यात हा एकच बरा आलाय."

हशा झाला. मग आप्पा गंभीर होऊन मित्राकडे वळले. "हे बघ, मला तुझं समदं कळलंय असं न्हाई. पण तू पोरान्ला काय शिकवणार ते सांग."

"फुटबॉल, आप्पा."

"आन् ते?"

"ते शिकवून येत न्हाई. येत असतं, तर लग्न झालेल्या पोरांबरोबर इतकी वर्षं एका खोलीत राहून मीच शिकलो असतो की दुसरं."

कुणीतरी मागून म्हणालं, "बोलायला सोपं हाय. आपली पोरगी कोण पाठवंल?"

मित्र खाली बघत होता. मैदानाच्या कडेला त्या सकाळी बघत होता तसाच. मी उभा राहिलो. "माझी मुलगी उद्यापासून जाणार," मी म्हणालो. "मी याला तीस वर्षांपासून ओळखतो. यानं पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा मी त्याला गप्प बसवलं. फ्लेक्सवरचा सामाजिक हा शब्दही माझाच. खोटं तो बोललेला नाही, मी बोललोय."

शाळेतल्या माणसाचं बोलणं म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. कुणी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर पाच मुलं आली, त्यातली एक माझी मुलगी आणि दोन आप्पांच्या नाती. त्याच्यानंतरच्या आठवड्यात नऊ. तिथंच बरेच दिवस आकडा अडून राहिला. काही घरं अजून त्याच्याशी बोलत नाहीत. पण तो सकाळी डेअरीला किटली घेऊन जातो, मावशी आता उशिरा उठते.

तो फ्लेक्स मात्र फार टिकला. फ्लेक्सवाला म्हणाला की भोकांतून वारा आरपार जातो, म्हणून फाटत नाही.

परवा उन्हाळी शिबिराचा नवीन फ्लेक्स द्यायला मी त्याच्या दुकानात गेलो. मित्राची ओळख मी कागदावर पूर्ण लिहून नेली होती, माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि पुढच्या ओळीत समलिंगी व ट्रान्सजेंडर खेळाडूंच्या हक्कांसाठी कार्य. पोऱ्यानं ती टाइप केली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकला.

"शुभेच्छुक किती?"

"दोन. आप्पा आणि मी."

"लई जागा मोकळी राहती की, दादा."

"राहू दे," मी म्हणालो. "कुणी आलंच तर टाकता येईल."

ब्लेडचं मी मित्राला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून त्याला कळेल.