भांडायला समोर कुणी हवं

हॉलमधल्या टीव्हीखालच्या खणात तुमचं जुनं गेमचं मशीन अजून आहे. दोन्ही कंट्रोलर मऊ फडक्यात गुंडाळलेले, वायरी वेगळ्या बांधलेल्या, आणि खणावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'मुलांचे'. कामाच्या मावशींनी एकदा विचारलं, "घरात तुमी एकट्या. चिठ्ठी कुणासाठी लावलीय?"

मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच. आले की शोधत बसायला नको."

"येऊ द्या की मग," त्या म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या.

मे महिन्यात तुम्ही दोघं यायचात तेव्हा बाहेर इतकं ऊन असे की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. मी पडदे ओढून कूलर लावायची. तुम्ही एकाच चादरीवर मांडी घालून टीव्हीसमोर बसायचात. मशीन एक, कंट्रोलर दोन, आणि त्यातला एक जरा बरा. तो कुणी घ्यायचा यावरून रोज तंटा. "आजी, ही चीटिंग करतेय!" "आजी, हा हरला की चीटिंग म्हणतो!" मी स्वयंपाकघरातून कलिंगडाच्या फोडी घेऊन येईपर्यंत दोघं पुन्हा खेळत असायचात. तुमच्या आजोबांनी तेव्हाच तुम्हाला आडनावं ठेवली: टोरांटोकर बाई आणि हॉलंडकर साहेब.

नंतर तुम्हाला तिकडे आपापली मशीनं मिळाली. टोरांटोकर बाईंना एका कंपनीचं पांढरं, हॉलंडकर साहेबांना दुसऱ्या कंपनीचं काळं. तुमचं येणंही शाळा, परीक्षा, विमानाची भाडी यांत कमी झालं. आजोबा गेले. मग माझ्याकडे शनिवारची संध्याकाळ उरली. देवापाशी दिवा लावला की आधी हॉलंडला फोन, मग टोरांटोला. वेगवेगळा. एकत्र का नाही, हे मी पुष्कळ दिवस विचारलं नव्हतं. शेवटी एकदा विचारलं.

"भावाशी बोललीस का या आठवड्यात?"

"नाही गं आजी. काय बोलणार? आता आम्ही खेळत नाही ना. त्याच्याकडे दुसरंच मशीन आहे."

"मशीन दुसरं असलं म्हणून काय झालं? भाऊ तोच आहे ना?"

"आजी, तुला नाही कळणार."

हॉलंडकर साहेबांचं उत्तर आणखी आखूड होतं. "तिच्या मशीनवर चांगले गेमच नाहीत." आणि मग, "कशी आहे ती?"

"तूच विचार की."

"असू दे."

मला वाटलं, तुमची कट्टी झाली. म्हणून मी दोघांनाही आते-मामे भावंडांच्या प्रेमावर चांगलंच व्याख्यान दिलं. तुम्ही ते शांतपणे ऐकलंत. म्हणजे फोन कुठेतरी आडवा ठेवला असणार, कारण पडद्यावर मला फक्त तुमच्या घरांची छतं दिसत होती.

छतं बघून झाल्यावर मी ठरवलं की आपणच एक मशीन घ्यायचं आणि तुमच्या खेळात जाऊन बसायचं. बोटांना जमेल तितकं जमेल. निदान दोघांचे आवाज एकाच वेळी ऐकू येतील. ते एकत्र ऐकू येत नव्हते, माझी अडचण तेवढीच होती, आणि ती फार मोठी होती.

नवी पेठेत गेमच्या एका दुकानात गेले. मालक चाळिशीचे, दाढी राखलेले, घरात उर्दू बोलणारे आणि गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी.

"बसा आजी. कुणासाठी पायजे?"

"माझ्यासाठी."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या काठीकडे पाहिलं. "मारामारीचा गेम खेळणार का फुटबॉलचा?"

"नातवंडं खेळतील तो. मला त्यांच्यात बसायचंय."

"मग त्यांच्याकडं जे हाय तेच घ्या की."

"एकीकडे पांढरं आहे, एकाकडे काळं."

ते मोठ्याने हसले. "झालं का आता! पांढरं घेतलं तर नातू रुसणार, काळं घेतलं तर नात."

"आणि दोन्ही घेतली तर?"

"तर तुमी दोघांशी खेळणार. ते एकमेकांशी न्हाई."

का, ते त्यांनी सांगितलं, आणि मला ते नवीन नव्हतं. नुसत्या मशीनमध्ये कंपनीला फारसं सुटत नाही, खरी कमाई नंतरच्या गेमांवर. म्हणून एकदा घरात शिरलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये अशी तजवीज करायची. काही गेम आपल्याकडेच ठेवायचे, आणि मित्रांना मित्रांशी आपल्याच आवारात खेळू द्यायचं. मित्र जिथे, तिथे पोरगं जातं. मी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. दोनच विक्रेते असलेल्या बाजाराचं प्रकरण दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून शिकवायची आणि मागच्या बाकांवर पोरं जांभया द्यायची. तेव्हा त्या आकृत्यांमध्ये माणसं नसायची. आता दुकानात उभी असताना मला दिसलं की या कंपन्यांच्या कुंपणाला जे खांब लागतात त्यांतले दोन माझे आहेत: तुम्ही दोघं.

"यात खेळणाऱ्याचा काही फायदा?" मी विचारलं.

"हाय की. एकानं सेल लावला की दुसऱ्याला लावावाच लागतोय. एकानं चित्र भारी केलं की दुसरा लई भारी करतोय. एकच कंपनी असती तर तिनं दगड इकला असता आनि तुमी घेतला असता."

हेही मी वर्गात शिकवलेलंच होतं आणि ते खरंच आहे. चढाओढ नसती तर तुमची मशीनं इतकी सुंदर झाली नसती. पण सुंदर मशीन घेऊन मूल एका खोलीत एकटं बसतं, हे कुठल्या आकृतीत दाखवायचं?

"आता थोडं बरं हाय," ते पुढे म्हणाले. "काही गेम दोन्हीकडनं मिळून खेळता येत्यात. गिऱ्हाईकं लई बोंबलली, तवा दार किलकिलं केलं."

"तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"मी? दोन्ही ठेवतो. पोरं हितं येऊन भांडत्यात, माझा एसी खात्यात आनि कायबी न घेता जात्यात."

मीही काही न घेताच निघाले.

रिक्षात मला एकच गोष्ट कळेना. कंपन्या भांडतात ते पैशासाठी. पण ही पोरं कंपनीच्या बाजूने फुकट का भांडतात? घराच्या पार्किंगमध्ये उतरले तर समोर तुमच्या आजोबांची करडी स्कूटर, कापडाखाली झाकलेली. उत्तर इतकी वर्षं तिथे उभं होतं.

तुमच्या आजोबांची करडी आणि त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे तुमच्या कुर्डुवाडीच्या आजोबांची, मोरपंखी. कंपन्या वेगळ्या. भाऊजी रेल्वेत नोकरीला. त्यांना गाडीचा पास होता, तरी कित्येक रविवारी ते कुर्डुवाडीहून एवढ्या लांब स्कूटरवरून येत, केवळ ती येऊ शकते हे दाखवायला. आले की तुमचे आजोबा चप्पल घालून खाली जात, इंजिनाजवळ हात धरत आणि म्हणत, "तापलीय." तिथून जे सुरू होई ते भाकरी, शेंगाचटणी, ताक आणि दुपारची झोप ओलांडून चहापर्यंत चाले. ॲव्हरेज, पिकअप, चढ, सुटे भाग. मला तेव्हा वाटायचं, किती हा वेळेचा नाश. दोघांनाही आयुष्यात एकेकच स्कूटर घेणं परवडलं होतं. एकदा घेतल्यावर आपण घेतली तीच बरोबर, हे स्वतःला पटवत राहावं लागतं, आणि त्यासाठी दुसरी घेतलेला माणूस समोर लागतो. मला तुझी आठवण येते, असं ते भाऊ एकमेकांना जन्मात म्हणाले नसते. तुझी गाडी तापलीय, हे म्हणता यायचं.

तुमचे आजोबा गेले तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर भाऊजी पार्किंगमध्ये स्कूटरपाशी बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. मी गॅलरीतून बघत होते. मला खरं रडू आलं ते तेव्हा. नंतर ते आले नाहीत. दिवाळीला फोन येतो, तब्येत विचारतात, ठेवतात.

तर माझं निदान चुकलं होतं. तुमची कट्टी झालेली नव्हती, तुमचं भांडण बंद पडलं होतं. पुढच्या शनिवारी मी व्याख्यान दिलं नाही. टोरांटोकर बाईंना विचारलं, "त्याच्या मशीनमध्ये वाईट काय आहे, मला नीट समजावून सांग." त्या इतक्या उत्साहाने बोलल्या की फोन आडवा झालाच नाही. ते सगळं मी जसंच्या तसं हॉलंडला पोचवलं.

"ती म्हणते, तुझं मशीन म्हणजे नुसतं धूड आहे. टीव्हीशेजारी शेळी बसल्यासारखं दिसतं."

"शेळी? ती असं म्हणाली? तिला सांग..."

"मी काय पोस्टमन आहे? ग्रुपवर लिही."

घरच्या ग्रुपवर तोवर फक्त वाढदिवसाचे केक यायचे. आता सकाळी उठले की इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत वाचायला भरपूर असे. शेळी, डबा, भंगार, रडकी, चीटर. मी चष्मा पुसून सगळं वाचायची. मग एक दिवस मी लिहिलं, "दुकानदार म्हणतात, काही गेम दोन्ही मशीनवरून मिळून खेळता येतात. खरं का?"

संध्याकाळी टोरांटोहून आलं, "हो."

"मला माहीत होतं," हॉलंड.

"मलापण."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू का नाही विचारलंस?"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही मला एक चित्र पाठवलंत. दोन छोट्या मोटारी एका प्रचंड चेंडूमागे धावताहेत आणि वर टीमचं नाव: शेंगाचटणी. कुठली मोटार कुणाची ते मला कळलं नाही, पण मी ते चित्र मावशींनाही दाखवलं.

एकच गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. हॉलंडची दुपार आणि टोरांटोची सकाळ दोघांनाही सोयीची पडते ती माझ्या शनिवारच्या संध्याकाळी. आता त्या वेळी तुम्ही खेळता. मला फोन येतो तो मधल्या वारी, आठवण झाली की, चालता चालता. मला हवं होतं तेच झालं. तरी पहिल्या शनिवारी दिवा लावून मी सवयीने फोन घेऊन बसले, आणि कुणालाच लावायचा नव्हता. टीव्हीखालच्या खणावरची चिठ्ठी तेवढी समोर होती. दोन ठिकाणी, दोन खोल्यांत, तुम्ही त्या क्षणी एकमेकांना चीटर म्हणत असाल, हे मला ठाऊक होतं. ऐकू येत नव्हतं इतकंच.

मग मी कुर्डुवाडीला फोन लावला.

"वहिनी? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं आहे, भाऊजी. एक विचारायचं होतं. तुमची ती मोरपंखी चढावर दम का टाकायची?"

पलीकडे कुठल्यातरी गाडीचा भोंगा वाजला. मला वाटलं, चुकलंच आपलं.

"कोण म्हणतं दम टाकायची?"

"हे म्हणायचे."

"दादाला काय कळत होतं! वहिनी, तुमच्या त्या करड्या म्हशीला थंडीत ढकलायला अख्खी सोसायटी लागायची. मी स्वतः ढकललीय. बनियनवर!"

"एकदाच. आणि तेव्हा पेट्रोल संपलं होतं. आदल्या दिवशी तुम्हीच गावभर फिरवली होतीत."

"हे बघा, हे दादाचं झालं. दादा असाच विषय बदलायचा." मग म्हणाले, "रविवारी येतो. समोरासमोर सांगतो."

रविवारी मी शेंगा कुटल्या, स्कूटरवरचं कापड काढून तिला पुसलं. ते आले नाहीत. गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला, त्यांच्या सुनेने कळवलं. एकटीने भाकरी खाल्ली, ताट घासून पालथं घातलं, दुपारी पडले.

चहाचं आधण ठेवलं होतं तेव्हा फोन वाजला.

"वहिनी, त्या दिवशी ॲव्हरेजचं राहिलंच सांगायचं."

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.