आईबापाच्या जागेवरची सही

लॅटिनचा आणि माझा संबंध एवढाच, की बी.एड.ला असताना एका सरांनी फळ्यावर 'इन लोको पॅरेंटिस' असं लिहिलं होतं. अर्थ, आईबापाच्या जागी. शब्द जुन्या लॅटिनमधले. इंग्रजांच्या कायद्याने ते मास्तरांसाठी उचलले. का, तर पोराला धाक घालायचा, छडी मारायचा बापाचा हक्क मास्तरालाही मिळावा म्हणून. मला तेव्हा ते भलतंच सोयीचं वाटलं.

पुढे मी पालघरजवळच्या एका आश्रमशाळेत वसतिगृहाची अधीक्षिका झाले. दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात. जाताना बाप मुलीचा हात माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "बाई, आता ही तुमची हाय." मी मान डोलावते आणि पुढच्या मुलीकडे वळते.

मागच्या हिवाळ्यात सहावीतली एक मुलगी पोट धरून कोसळली. तिला घेऊन पालघरच्या दवाखान्यात धावले. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. आईवडील कुठे आहेत?" बापाचा फोन बंद. भट्टीवरचा मुकादम फोन उचलेना. डॉक्टरांनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "थांबलो तर जीव जाईल. पालकांच्या जागी तुम्हीच सही करा."

अख्ख्या वसतिगृहाला नुसत्या नजरेने गप्प बसवणारी मी, मला पेन धरता येईना. आत काही बरंवाईट झालं तर? तिच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू? छडीचा हक्क त्या कायद्याने आठवणीने दिला. आईबापाच्या या धास्तीबद्दल मात्र चकार शब्द नाही. कशीबशी सही केली. मुलीला आत नेलं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून ठाऊक होते तेवढे सगळे देव वेठीस धरले.

"वाचली," असं डॉक्टर सांगून गेले, तशी मी पुन्हा मुकादमाला फोन लावू लागले.

मुकादमाला निरोप मिळाल्यावर संध्याकाळी आईबाप पोचले, अंगावर विटांची लाल धूळ तशीच. मी घाईघाईने खुलासा करू लागले, विचारायला वेळ नव्हता, मीच सही केली, वगैरे. आई आत गेली, लेकीला पाहून आली आणि माझ्या शेजारी बसली.

"बाई, लय भ्याल्या असाल ना तुमी, एकल्याच?"

तोवर मी रडले नव्हते. आता तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडले, आणि जिची मुलगी आत झोपली होती, ती माझी पाठ थोपटत राहिली.