विलायती गाडीला जीपचं इंजिन

आमच्या घराचा धंदा सडकेनं बुडवला. पणजे-आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. मोटारी आल्या आणि ते लादणं संपलं. उरला घाटंजीच्या वाटेवरचा तांडा, चार एकर खडकाळ माळ आणि खडी फोडायची हातोडी. घाटंजीहून यवतमाळला जाणाऱ्या सडकेची खडी माझ्या आईनं फोडली आहे. पायाला चिंध्या गुंडाळून ती उन्हात बसायची. ज्या मोटारींनी आमचं पोट मारलं त्यांचाच रस्ता आम्ही करत होतो, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, कारण संध्याकाळी ज्वारी मिळत होती. काम नसलं की अंबाडीची भाजी उकडून नुसतीच खायची. माझ्याकडे एकच सदरा होता. तो धुतला की वाळेपर्यंत माझी शाळा बुडायची. कोणी हळहळावं म्हणून हे लिहीत नाही. होतं तसं सांगतो.

वडिलांना आम्ही बा म्हणायचो. बा घाटंजीच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडे बैलगाडी हाकायचे. शेठच्या मोटारीचा ड्रायव्हर पळाला तेव्हा ते मोटार हाकायला शिकले. छपन्न साली शेठनं नवी गाडी घेतली आणि जुनी, बारा वर्षांच्या चाकरीचं बक्षीस म्हणून, बाच्या नावावर करून दिली. गाडी लढाईच्या आधीची, इंग्लंडातून आलेली, काळी, लांब नाकाची. बानं तिच्यावर टॅक्सीचं परमिट काढलं. बाजाराच्या दिवशी पाचांच्या जागी नऊ माणसं आणि टपावर कोंबड्यांचे डाले. त्या गाडीच्या जोरावर मी अमरावतीला बी.एस्सी.ला गेलो. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे.

ती गाडी मीच फोडली.

एकसष्ट सालचा उन्हाळा. शेवटची परीक्षा देऊन मी नुकताच घरी आलो होतो, निकाल लागायचा होता. एक दिवस बाबरोबर यवतमाळला निघालो. चढावर रेडिएटरनं वाफ सोडली. बानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "घंटाभर हात लावू नका." मग ते पळसाच्या सावलीत जाऊन पडले. गाडीत एक कचेरीत जाणारे गृहस्थ होते. ते सारखं घड्याळ पाहत होते.

"काहो, तुम्ही तर शिकलेले ना? मंग पाहत काय राह्यले?"

मला ते शब्द बोचले. बादली घेतली, शेतातल्या विहिरीचं पाणी आणलं आणि तापलेल्या इंजिनात ओतलं. आतून टण्ण असा आवाज आला. उष्णतेच्या प्रसरणावर महिन्याभरापूर्वी मी परीक्षेत चार पानं लिहून आलो होतो. बा उठून आले, बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रवाशांना म्हणाले, "उतरा भाऊ. पायी चला आता."

आणि ते बैलजोडी शोधायला निघाले.

बैलजोडी लावून गाडी घाटंजीला आणली. स्टँडमागे एका मिस्त्रींचं टिनाचं शेड होतं. त्यांचे आजोबा घोड्यांना नाल ठोकायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी खाली वाकून बोट फिरवलं. इंजिनाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

"हे इंजिन आता विलायतेतबी भेटत नसंन," ते म्हणाले. "दुसरं बसवा लागते."

"दुसरं म्हणजे कोणतं?"

"जे भेटंन ते. गाडीले काय मालूम तिच्या पोटात कोण हाये?"

घाई अशी होती की पुढच्या महिन्यात यवतमाळला मोटारींची सरकारी तपासणी होती. त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकावर उभी राहिली नाही तर परमिट रद्द होणार, आणि ते घ्यायला दुसरा माणूस अर्ज देऊन बसलाच होता. परमिट गेलं की बा पुन्हा बैलगाडीवर आणि आई पुन्हा खडीवर. साधा हिशेब होता आणि तो माझ्या बादलीतून निघाला होता. मला एका जागी बसवत नसे. सकाळी तांड्यातून निघून शेडवर जायचं, तिथून स्टँडवर, स्टँडवरून परत शेडवर. स्टँडवरचे टांगेवाले विचारायचे, "काहून भाऊ, इंजिन आलं का, का अमरावतीलेच शिकून राह्यलं?"

इंजिन वणीकडे मिळालं. लष्कराच्या लिलावातली एक जीप पलटी खाऊन भंगारात पडली होती. तिचा सांगाडा गेला होता, इंजिन शाबूत होतं. कोळशाच्या ट्रकवर घालून आम्ही ते आणलं. चाचांनी त्याला आंघोळ घातल्यासारखं रॉकेलनं धुतलं, कान लावून हातानं फिरवलं आणि म्हणाले, "पठ्ठ्या हाये."

पण पठ्ठ्या आमच्या गाडीत मावेना. जीपचं इंजिन अमेरिकन पद्धतीचं आणि गाडी इंग्लिश, म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात दोन आटे सरळ जायचा आणि तिसऱ्याला अडायचा. मी पान्ह्यानं जोर लावला तर चाचांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. "दोन आटे गेला म्हणजे बसला असं नसते, ग्रॅज्युएट साब." पंखा रेडिएटरला घासत होता, त्याची पाती कापली. तेलाची टाकी पुढच्या आसाला टेकत होती, तिच्या पोटाला खळगा पाडला. रोज एक अडचण सुटायची आणि संध्याकाळपर्यंत दुसरी उभी राहायची.

सगळ्यात मोठी अडचण गिअरबॉक्सची. जीपचा गिअरबॉक्स चारही चाकं ओढणारा, तो आमच्या गाडीखाली बसणं शक्य नव्हतं. म्हणजे गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा आणि त्याच्या आणि नव्या इंजिनाच्या मध्ये अर्धा इंच जाडीचा लोखंडी पाटा घालायचा. पाट्याला काही भोकं इंजिनाच्या मापाची, काही गिअरबॉक्सच्या मापाची.

मापं घ्यायची चाचांची रीत पाहून मला हसू आलं होतं. कंदिलाचं काजळ तेलात कालवून त्यांनी इंजिनाच्या तोंडाला फासलं आणि त्यावर खाकी कागद दाबला. कागदावर सगळी भोकं उमटली. मग गिअरबॉक्सच्या तोंडाला काजळ, दुसरा कागद. ते दोन कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "जिनच्या खरादवाल्याकडे जा. त्याले सांग, एक पाट्याच्या या अंगावर चिपकव, दुसरा त्या अंगावर."

मी मनात म्हटलं, ही काय पद्धत झाली? घरी आलो, ग्राफचा कागद पसरला, कंपास काढला आणि दोन्ही ठशांवरची भोकं एकाच कागदावर सुबक उतरवली, इंजिनाची लाल शाईनं आणि गिअरबॉक्सची निळ्या. खाली माझी सही केली. जिनमध्ये खरादावर, म्हणजे लेथवर, काम करणाऱ्या त्या माणसानं कागद उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाला, "असं काम पाह्यजे." मी तरंगतच घरी आलो.

पाटा तयार झाला तेव्हा तपासणीला सहा दिवस राहिले होते. गिअरबॉक्सला तो नेमका बसला. मग इंजिन साखळीवर टांगून पुढं ढकललं. वरची चार भोकं जुळली. खालची दोन बोटभर सरकलेली, आणि स्टार्टरची जागा भलत्याच बाजूला आली. चाचांनी इंजिन मागं घेतलं, पुन्हा लावलं. तेच.

"खरादवाल्यानं चुकवलं," मी म्हणालो.

"त्यानं तुझ्या कागदापरमाने केलं."

"मग तुमचे ठसे चुकले असतील! काजळानं कुठं मापं घेतात का? कानस द्या, मी भोकं लांबवतो."

"खबरदार! इंजिनाची मधली दांडी एक सूत हलली तरी गिअर पडणार नाही." त्यांनी कानस उचलून पेटीत टाकली, पेटीला कुलूप लावलं आणि नमाजाला निघून गेले. बा शेडच्या दारात उभे होते. ते मला म्हणाले, "घरी जा. तुझं तोंड पाहून लोखंडबी वाकडं व्हईन."

मी चार मैल जवळजवळ पळतच गेलो. शेडमधून उचलून आणलेले दोन्ही ठसे आणि ग्राफ खाटेवर फेकले. आई अंगणात खाटेजवळ बसून कांचळी कापत होती. कांचळी म्हणजे आमच्या बायकांची आरसे लावलेली चोळी. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचो, तिचं बोलणं इथं मराठीत लिहितो.

"झालं का नाही?"

"नाही. तुला नाही समजणार."

"बरं," ती म्हणाली आणि कात्री चालवत राहिली. मी अंगणात येरझारा घालत होतो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या दोन वस्तू एकमेकींना कशा लागतात?"

मी रागानं दोन्ही तळहात समोरासमोर आणून टाळीसारखे दाबले. "अशा!"

तिनं काजळाचे कागद ओढून घेतले. एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या ग्राफकडे. मग हसायला लागली. इतकी हसली की शेजारीण डोकावली.

"अगं, माझ्या शिकलेल्या पोरानं कांचळीच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या!"

तरी मला कळेना. तिनं कापलेली एक बाही खालच्या कापडावर ठेवली, तशीच नाही, पालथी करून. "एक सुलटी, एक उलटी. तेव्हा डावी आणि उजवी होते. तोंडाला तोंड लागणाऱ्या वस्तूचं तसंच. तू दोन्ही सुलट्या काढल्या."

मी पटकन खाली बसलो. चाचांनी एक कागद या अंगावर आणि एक त्या अंगावर सांगितलं होतं ते याच्यासाठी. पाटा उलटला की दुसरा ठसा आपोआप पालथा होतो. मी सुबकपणासाठी दोन्ही एकाच अंगावर काढले आणि इंजिनाची सगळी भोकं डाव्याची उजवी झाली. वरची चार दोन्हीकडे सारखी होती म्हणून तेवढी जुळली.

आता परत जाऊन हे सांगायचं होतं, आणि चार मैलांची ती वाट मला फार लांब गेली. शेडमध्ये बा होते, चाचा होते, आणि खरादवालाही येऊन बसला होता. मी दोन्ही ठसे आणि ग्राफ चाचांसमोर ठेवले.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "खरादवाल्याची नाही, ठशांची नाही. गाडीही मीच फोडली." ते शेवटचं मी कधी बोललो नव्हतो.

दोन्ही ठसे एकाच अंगावर उतरवले तेही सांगितलं. मग चाचा म्हणाले, "अर्धी माही. पाटा लावायच्या आधी मी तुह्या कागदावर ठसा ठेवून पाहाले पाह्यजे होता. नाही पाह्यला. म्हटलं, कॉलेजचा कागद हाये, याले कायले तपासा?"

बा म्हणाले, "कोणाच्या लक्षात आलं हे?"

"याडीच्या," मी म्हणालो. आईला आम्ही याडी म्हणायचो.

"मंग तिलेच पाठवाचं होतं अमरावतीले," बा म्हणाले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले.

तसला दुसरा जाड पत्रा घाटंजीत नव्हता. त्याच पाट्यावर, यावेळी चाचांचा कागद नेमका त्याच्या अंगावर चिकटवून, नवी भोकं पाडली. चुकलेली दोन शेजारी होती, ती लोखंडाचे खिळे ठोकून बुजवली. क्लचचं मधलं चाक जुन्या गाडीचं काढून जीपच्या थाळीला रिव्हेट ठोकून बसवलं. तपासणीच्या आदल्या दुपारी इंजिन पुढं सरकवलं. सहाही बोल्ट हातानं फिरले, पान्हा नुसता शेवटी लावला. चाचा एका कानात बोट घालून गाडीखाली निजले आणि ओरडले, "मार स्टार्टर!"

जीपच्या आवाजात आमची विलायती गाडी बोलली. शेडवरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला साहेबांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. "हे कोणतं जनावर आहे?"

"साहेब, खेचर हाये," बा म्हणाले. "पण वझं वाहते."

साहेबांनी त्यांना चढावर गाडी उभी करायला लावली आणि उभ्या चढावर पहिला गिअर टाकायला सांगितलं. गिअर पडला. मी खाली उभा होतो. मग साहेबांनी इंजिनाचा नंबर विचारला. बाला वाचता येत नव्हतं. मी वाकलो, काजळ पुसलं आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. साहेबांनी तो गाडीच्या पुस्तकात लिहिला.

गाडी पास झाली आणि परमिट बाच्या नावावर राहिलं. आई पुन्हा खडीवर गेली नाही. जूनमध्ये निकाल लागला आणि मी बी.एस्सी. झालो.