टंक्यावरचे नाव

हिवाळ्यातल्या रविवारी जुन्या नाशकातल्या मास्तरांच्या खोलीत उन्हाचा तिरपा पट्टा, जीर्ण कागदांचा कोंदट गंध आणि चहात उकळणाऱ्या आल्याचा दरवळ एकमेकांत विरघळून गेलेले असत. नव्वदच्या दशकात घोटी-सिन्नरच्या बाजारांतून मिळालेले बहमनी सुलतानांचे चांदीचे टंके घेऊन मी तिथे जाई. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. नाणे उजेडाकडे धरून ते त्यावरची अरबी अक्षरे उलगडत, आणि त्या काळवंडल्या चांदीतून एखादा सुलतान उभा राही. कुणी डोळे काढून बंदिवासात टाकलेला, कुणी गादीवर जेमतेम दोन महिने टिकलेला. मी ते नाव पाकिटावर लिहून घेई.

"बेटा, लिपी शिकून घे," ते म्हणत. "मी किती दिवस पुरणार?"

"तुम्ही आहात की, मास्तर."

आकडे तेवढे मला ओळखता येऊ लागले. त्यापुढे मी शिकलोच नाही.

मग एका पौषात त्यांना मेंदूचा झटका आला. महिन्याभराने गेलो, तेव्हा त्यांची लेक शबाना दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "अब्बा बोलतात नीट, पण वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, लागत नाहीत. कुणाला कळू देत नाहीत ते. तुम्हीही कळल्याचं दाखवू नका."

नाणे खिशातच ठेवावे म्हणत होतो, पण मास्तरांनी नेहमीसारखा तळहात पुढे केला. टंका उजेडाकडे धरून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. मग एका सुलतानाचे नाव त्यांनी सगळ्या बिरुदांसह, खणखणीत आवाजात उच्चारले. नाणे त्यांच्या हातात उलटे होते. शेजारी बसून त्यावरचे आकडे मला खाली डोके वर पाय असे दिसत होते.

"लिही."

मी लिहिले.

"बरोबर आहे ना?" माझ्या चेहऱ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारले. असे त्यांनी पूर्वी कधी विचारले नव्हते.

"तुमचं कधी चुकलंय, मास्तर?"

त्यांनी नाणे माझ्या हातात ठेवले आणि मान भिंतीकडे वळवली.

पावसाळ्याआधीच ते गेले. पुढे एका जाणकाराने त्या टंक्यावर दुसऱ्याच सुलतानाचे नाव वाचले. मी मान डोलावली, पण पाकिटावरचे नाव खोडायला हात धजेना. त्यानंतर मी एकही नाणे घेतले नाही. वाटते, त्या दिवशी त्यांना खरे उत्तर हवे होते. निदान एका माणसाला तरी कळावे, एवढ्यासाठीच त्यांनी विचारले असेल, आणि मी दयेने खोटे बोलून त्यांना तिथे एकटेच सोडून आलो.