भोंगाताईंचं दार

भोंगाताईंचा आवाज आधी यायचा आणि त्या मागून. विरार पश्चिमेच्या त्या इमारतीचा जिना आम्ही चढायला लागलो की पहिल्या मजल्यावरून त्यांचं हसणं गडगडत खाली यायचं. मनाला जखम झालेल्या लहान मुलांवर उपचार करणारी बाई म्हणजे हळू बोलणारी, मान तिरकी करून ऐकणारी कुणीतरी असेल, अशी माझी समजूत. या निघाल्या अर्नाळ्याच्या कोळणीची लेक! त्याच विषयात रीतसर शिकलेल्या, पण आवाज थेट मासळीबाजारातला. ‘भोंगाताई’ हे नाव माझ्या तन्वीनंच ठेवलं, तेही माझ्या कानात कुजबुजत. त्या दिवसांत तिचं सगळं बोलणं कुजबुजतच चालायचं.

तन्वी तेव्हा सात वर्षांची होती. पाढा चुकला म्हणून शिकवणीच्या बाईंनी तिला संडासात कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि विसरून भाजी आणायला निघून गेल्या. त्या बाईंचं नाव मी घेत नाही, अजून हात शिवशिवतात. तेव्हापासून बंद दार दिसलं की पोर थरथरायची. अंघोळ दार उघडं ठेवून, लिफ्ट नको, पाहुण्यांच्या खोलीत झोपायला नको. वर्गाचं दार लावलं की जागेवरच कपडे ओले व्हायचे. शेवटी तिनं शाळाच सोडली. ही पुन्हा कधी वर्गात बसेल का, या एका काळजीनं मी अर्धी झाले होते.

पहिल्याच भेटीत ताईंनी मला फर्मान सोडलं. “आजपासून घरात कोनी पोरीला ‘काय झालं’ म्हनून विचारायचं नाय. आत्या नाय, शेजारीन नाय, तू पन नाय. पोर काय कोर्टातला साक्षीदार आहे?” आमच्याकडे तर येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतला की तन्वीला जवळ ओढून तेच विचारायचा. मी सगळ्यांना दारातच बजावायला सुरुवात केली. माझी नणंद त्यावरून बरेच दिवस रुसली होती. खरं सांगू? तेवढे दिवस घर फार छान शांत होतं.

ताईंची खोली खेळण्यांनी भरलेली होती. वाळूनं भरलेला मोठा ट्रे, बाहुल्या, भातुकली आणि एका कोपऱ्यात सामान ठेवायची चिंचोळी खोली, बाहेरून कडी असलेली. तिथे मूल सांगेल तोच खेळ आणि मूल म्हणेल तोच नियम. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण मुलांनी “गप्प” म्हटलं की चिडीचूप! तन्वीसाठी खोलीचं दार सताड उघडं असायचं, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसून मला सगळं ऐकू यायचं. ऐकू यायचं म्हणजे काय, कपभर वाळू या भांड्यातून त्या भांड्यात ओतल्याची सळसळ. कितीतरी आठवडे फक्त तेवढंच. मी मुळातच उतावळी. एकदा न राहवून म्हणाले, “ताई, काहीतरी बोलतं करा ना हिला!” त्या हसून म्हणाल्या, “बाय, भरती ओढून आनता येते का? तिच्या येळेला येईल.”

आणि एका दुपारी ती आली की हो! माझ्या लेकीचा आवाज, खणखणीत, खोलीतून बाहेर! “तोंडावर बोट! रडलीस तर अजून कोंडीन!” तन्वी टीचर झाली होती आणि भोंगाताई जमिनीवर मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसल्या होत्या. मी बाकावरून उठले, पण माझ्या आधी आमचे हे उठले. त्या दिवशी रजा घेऊन मुद्दाम आले होते. रिक्षावाल्यालाही ‘आभारी आहे’ म्हणणारा माणूस! आत शिरून म्हणाले, “तन्वी! मोठ्या माणसांशी असं बोलतात? आधी ताईंची माफी माग.” आमच्या घरांत मुलं बोलायला लागायच्या आधी नमस्कार करायला शिकतात, त्यामुळे यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. तन्वीनं मान खाली घातली आणि पुन्हा तेच कुजबुजणं. “सॉरी.”

ताई बाहेर आल्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना हळू बोलताना ऐकलं. “दादा, तिचा आवाज आज बाहेर आलेला. तुमी तो माघारी धाडला.” यांचा चेहरा पडला. मग ताईंनीच यांच्या खांद्यावर थाप मारली. “आता भरपाई करा. पुढच्या येळेला वर्गात तुमी पन बसायचं.”

तो वर्ग मी जन्मात विसरणार नाही. इस्त्रीच्या शर्टातले आमचे हे भातुकलीच्या स्टुलावर, शेजारी भोंगाताई. तन्वी भिंतीला चिकटून उभी, एक शब्द नाही. एकदम ताई ओरडल्या, “टीचर, हा नवीन मुलगा पेन्सिल खातो!” यांनी खरोखरच पेन्सिल तोंडात घातली होती. तन्वी खुदकन हसली. मग तिचा चेहरा बदलला, नाकपुड्या फुलल्या. “दोघं आत चला!” तिनं दोघांना ढकलत त्या चिंचोळ्या खोलीत घातलं आणि कडी लावली.

आतून ताईंचा बारीक आवाज आला, “टीचर, इथे अंधार आहे. मला भीती वाटते.” तन्वी हलली नाही. मग यांचा आवाज आला, आणि तो खेळातला नव्हता. “तनू, मलापण.” मी दारातून वाकून बघत होते. तिचा हात कडीकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. तिनं कडी काढली. बापाचा हात धरून त्याला बाहेर ओढलं आणि म्हणाली, “ये. रडू नकोस. तुझी काहीच चूक नव्हती.” हे मात्र तिथेच स्टुलावर बसून हुंदके द्यायला लागले.

तेवढ्यात बाईसाहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “आई, तू बाहेर बस ना. आमचा खेळ चाललाय.” आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. आतून, स्वतःच्या हातानं! मी बाकावर बसले आणि कान टवकारले. आतलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी त्या रिकाम्या पॅसेजमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढे शाळा सुरू झाली, आधी दाराजवळच्या बाकावर, मग हळूहळू वर्गाच्या मध्यावर. ताईंनी निरोपाची तयारी खूप आधीपासून केली. “अचानक गायब व्हायचं नाय,” त्या म्हणायच्या, “ह्या पोरांनी ते पुष्कळ पायलंय.” शेवटच्या दिवशी तन्वीनं त्यांना खेळण्यातला चहा दिला. घरी येताना रिक्षात रडले ती मी.

तन्वी आता तेरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या मैत्रिणींचा घोळका घेऊन आम्ही अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. बोंबील वाळत घातले होते तिथे भोंगाताई कुणाशीतरी बोलत उभ्या. केस पांढरे झालेले. मी धावतच गेले, मिठीच मारली. तन्वीला हाक मारणार तोच एक चेंडू ताईंच्या पायाशी येऊन पडला आणि मागोमाग तन्वीच ओरडत आली, “काकू, बाजूला व्हा! आउट होईन मी!” चेंडू उचलला, ताईंकडे एकदा पाहिलं आणि पळाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “ताई, ओळखलं नाही हो तिनं. थांबा, बोलावते, चांगली पाया पडायला लावते.”

ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. “ओळखून काय करायचंय? आवाज ऐकलास का गो तिचा?”

एवढं बोलून भोंगाताई गप्प झाल्या, आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून माझ्या लेकीचा आरडाओरडा ऐकत राहिलो.